तंबूत रुसता येत नाही

नीट रुसायचं असेल तर किमान दोन खोल्या लागतात. एका खोलीत रुसणाऱ्याने बसायचं आणि दुसऱ्या खोलीतल्यांनी 'बसू दे, भूक लागली की येईल' असं त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं. मध्ये दार हवं, म्हणजे ते आपटता येतं. जुन्या वाड्यांत ही सोय फार चांगली असे. माजघर, माडी, परस, आणि प्रकरण हाताबाहेर गेलंच तर माहेर. चाळीत आल्यावर निदान गॅलरी होती. फ्लॅटमध्ये बाथरूम असतं, आणि आत नळ सोडून ठेवला की रडण्याचा संशयही निर्माण करता येतो. तंबूत यातलं काही म्हणजे काही नसतं. दार म्हणून असते ती चेन, आणि चेन आपटता येत नाही. रागाने ओढली तर कापडात अडकते. मग ज्याच्यावर रागावून आपण बाहेर निघालेलो असतो त्यालाच 'जरा इकडून धरा हो' म्हणावं लागतं.

हे शिक्षण माझं भंडारदऱ्याला झालं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, धरणाच्या काठावर, भर पावसात, सगळ्या सासरसमवेत.

निमित्त काजव्यांचं. सासूबाईंच्या लहानपणी कंदील मालवला की काजवे घरात यायचे. तेव्हा त्यांना बघायला कोणी जात नसे, पदराने हाकलत. आता त्यांच्यासाठी पुण्याहून चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं जावं लागतं आणि वाटेत मिसळ खावी लागते. ठाण्याहून थोरले दीर आणि जाऊबाई कसारा घाट चढून, इगतपुरी-घोटीवरून येणार होते. मे संपता संपता वळवाचे दोन-चार शिडकावे झाले की भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात, आणि एखादं झाडच्या झाड एका लयीत पेटतं नि विझतं. हे दृश्य खरोखर विलक्षण असतं, असं ते पाहिलेले सगळे सांगतात.

गाडीत माझ्या मुलीने मोबाईलवरून काजव्यांची माहिती वाचून दाखवली. उडत उडत चमकतो तो बहुतेक करून नर. मादी खाली पानागवतात बसून त्याचं चमकणं बघते आणि पसंत पडलं तरच उत्तरादाखल चमकते. अळी असताना हे किडे गोगलगायी खाऊन भरपूर पोसलेले असतात, मोठे झाल्यावर मात्र त्यांतले बरेचसे जवळजवळ काही खात नाहीत, नुसते चमकतात. सासूबाईंनी मागच्या सीटवर केस सारखे करत असलेल्या नातवाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे आहे एक."

काजव्यांच्या हंगामाची अडचण अशी, की तो पाऊस येऊ घातलेला असताना असतो. पाऊस नीट लागला की काजवे संपले. येऊ घातलेला आणि आलेला यांच्या मधल्या फटीत दोन ऑफिसं, एक कॉलेज, एक आठवीची शाळा, जाऊबाईंची भिशी आणि आंब्याची शेवटची पेटी हे सगळं बसवून जी तारीख निघाली, ती मृगातली निघाली. मृग लागतो 7-8 जूनला. नवऱ्याच्या फोनमध्ये हवामानाची तीन अ‍ॅप आहेत आणि तिन्हींत पाऊस दिसला की तो चौथं उतरवून घेतो. त्या दिवशी जिल्ह्याला पिवळा इशारा होता. पिवळ्याचा अर्थ सावध राहा असा आहे, पण आम्ही पडलो पुण्याचे. पिवळा दिवा दिसला की गाडीचा वेग वाढवायचा असतो, हे आमच्या अंगात भिनलेलं आहे.

सासूबाईंनी फक्त पंचांग उघडलं. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला तिथे एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ. "घोडा आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे डोंगरात पाऊस. आपण कुठे चाललोय?"

कोणी उत्तर दिलं नाही. मुलाने अंधश्रद्धेबद्दल काहीतरी सुरुवात केली होती, पण तेवढ्यात त्याला डबे गाडीत ठेवायला पाठवलं.

डब्यांवरून आठवलं. कॅम्पिंग म्हणजे कमीत कमी सामानात राहणं, असं नवऱ्याने आठवडाभर आधीपासून घोकून घेतलं होतं. त्याप्रमाणे सासूबाईंनी कमीत कमी घेतलं: दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट, भडंग, ओवा, सुंठ, हिंगाची डबी, दोन सोलापुरी चादरी, महिन्याभराची रद्दी आणि पिशव्यांची पिशवी. पिशव्यांची पिशवी प्रत्येक मराठी घरात असते, तिचं वर्णन करण्याची गरज नाही. रद्दीवरून मात्र नवरा चिडला. "आई, जंगलात रद्दी कोण विकत घेणार आहे?" सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, मला वाचायला." पुढे रात्री सगळ्यांच्या बुटांत तीच रद्दी चुरगळून भरली, पाणी शोषायला, आणि सकाळी कोरडे मोजे चढवून आम्ही त्यांवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या गुंडाळल्या. नवऱ्याने घेतलेल्या चार हजारांच्या ट्रेकिंग बुटांतूनही दुधाच्या पिशवीचा निळा काठ डोकावत होता.

शेंडीला पोचलो तेव्हा पाऊस नव्हता. आभाळ होतं, पण ते आपापल्या जागी होतं. ज्यांच्या शेतात तंबू लागणार होते त्या मामांनी आम्हाला पाण्याच्या काठाशी नेलं. समोर आर्थर लेक, पलीकडे रतनगडाची रांग. प्रवरेवरचं हे विल्सन धरण बांधायला 1910 साली सुरुवात झाली आणि 1926 साली ते पुरं झालं. पाणी अडवायला इंग्रजांनी नेमकी हीच जागा का निवडली, हा प्रश्न भाऊजींनी तिथे उभं राहून मुलांना विचारला. त्याचं प्रात्यक्षिक रात्री व्हायचं होतं. याच जिल्ह्याच्या पूर्वेला पाचशेक मिलिमीटर पावसावर लोक वर्ष काढतात, आणि इथून थोड्याच अंतरावरच्या घाटघरला वर्षाला पाच हजारांच्या वर पडतो. जिल्हा एक, पण आभाळ दोन.

तंबूच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी शिवलेली होती. तिच्यावर छापलं होतं: चार व्यक्ती, वॉटरप्रूफ 2000 मिमी. नवऱ्याने लगेच हिशेब मांडला. इथे वर्षाला पाच हजार पडतो, तंबूला दोन हजार झेपतो, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापर्यंत काळजी नाही. मुलाने त्याला समजावलं, की बाबा, याचा पावसाशी संबंध नाही, कापडावर पाण्याचा दोन मीटर उंच स्तंभ उभा केला तर तोवर ते झिरपत नाही, एवढाच अर्थ. नवरा वर बघून म्हणाला, "मग तर उत्तमच. दोन मीटरचा थेंब कुठे असतो?"

चार व्यक्तींबद्दल मला जास्त शंका होती. ही माणसं कोणत्या देशातली, कोणत्या वयाची, एकमेकांना किती दिवसांपासून ओळखणारी धरली आहेत, ते चिठ्ठीवर नव्हतं. आम्ही चौघं आत आडवे झालो तेव्हा तंबू फरसाणाच्या पुडीगत सगळीकडून फुगला.

दुसरा तंबू भाऊजी, जाऊबाई आणि सासूबाईंसाठी. मामांनी तो वरच्या बांधाशी लावायला घेतला होता. भाऊजींना तो खालच्या सपाटीवर हवा होता, कारण तिथून व्ह्यू होता. "सायेब, हितं नका," मामा म्हणाले, "रातच्याला हितनं पानी जातं." सासूबाईंनीही वाकून बघितलं आणि गवत सगळं एकाच अंगाला झोपलंय, हे दाखवून दिलं. भाऊजी नोकरीभर पाणीपुरवठ्याच्या कामात होते. पाणी कुठून कुठे जातं हे त्यांना कोणी शिकवावं, असा त्यांचा चेहरा झाला. तंबू व्ह्यूला लागला. मामांनी काही न बोलता त्याच्याभोवती कुदळीने चर खणला आणि चराचं तोंड तलावाकडे काढून दिलं. शिकलेल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा चर खणणं सोपं, हा बहुधा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव असावा.

साडेसातला पाऊस आला. भुरभुर, रिमझिम असे टप्पे न घेता थेट आला. मराठीत पावसाचं कौतुक करणारं जे लेखन आहे, ते बहुतेक सगळं खिडकीच्या आतून झालेलं आहे, हे मला तेव्हा खात्रीने कळलं. निखाऱ्यांवर पनीर भाजण्याचा कार्यक्रम होता, त्यातले निखारे आधी गेले आणि पनीर नंतर वाहत गेलं. तरीही काजवे बघायला जायचंच, असा नवऱ्याचा हट्ट. मामांच्या पुतण्याने जीपमधून अंधारात एका हिरड्याखाली नेलं. तिथे आमच्याआधी बरीच मंडळी रेनकोट घालून झाडाकडे बघत उभी होती. टॉर्च बंद, मोबाईल बंद, बोलणं बंद, असा नियम असतो आणि तो योग्यच आहे, कारण काजव्यांचं सगळं लग्नकार्य उजेडावर चालतं. फक्त काजवे नव्हते. इतक्या पावसात ते पानांच्या आड बसून राहतात, त्यांना अक्कल असते.

मग भाऊजी कुजबुजले, "तो बघा!" खरंच, खालच्या फांदीपाशी एक हिरवा ठिपका लयीत उघडझाप करत होता. माझे डोळे भरून आले. मागच्या एका अनोळखी आजोबांनी हात जोडले. बराच वेळ आम्ही तो भारलेला क्षण अनुभवला, आणि मग तो ठिपका खाली वाकला आणि जाऊबाईंच्या आवाजात म्हणाला, "अहो, माझी पॉवर बँक आहे ती. फोन चार्ज होतोय का बघत होते."

जेवण मामांच्या घरून आलं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि वाफाळता भात. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. भिजलेल्या माणसाला गरम पिठलं मिळालं की त्याचं समीक्षक म्हणून काही मोल उरत नाही.

दहाच्या सुमारास खालच्या तंबूतून हाक आली. चर भरून पाणी आत शिरलं होतं आणि भाऊजींची चप्पल व्ह्यूच्या दिशेने निघून गेली होती. गाडी वर डांबरी रस्त्याला, मध्ये गुडघाभर चिखल. तेव्हा ते तिघं आमच्यात आले. चार व्यक्तींच्या तंबूत सात.

आता कोणी कोणाशेजारी झोपायचं हा प्रश्न. परदेशी लोक बहुधा आपापल्या उंचीप्रमाणे झोपत असावेत. आपल्याकडे तसं चालत नाही. थोरल्या दिरांशेजारी मी नाही झोपू शकत. जाऊबाईंशेजारी माझा नवरा नाही. मुलगा आता मोठा झाला, त्याला काकूशेजारी लाज वाटते. मुलीला काकांच्या घोरण्याशेजारी नको. सासूबाईंना चेनपाशी हवं, रात्री उठावं लागतं, पण चेनपाशी पाणी. शिवाय कडेचा कापडाला टेकला तर भिजणार. हे गणित मुलाने फोनवर मांडून बघितलं. सगळ्या अटी पाळल्या तर एकच रचना शक्य होती, आणि तिच्यात सासूबाई बरोबर मधोमध येत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मग इतका वेळ कशाला घालवलात? घरी तरी दुसरं काय असतं?"

झोपलो. कुशीवर वळायचं तर सातही जणांनी एकदम वळायचं, असं ठरलं. आणि मग वरून टप टप सुरू झालं. न्यायाने सांगायचं तर तंबू गळत नव्हता. चिठ्ठीवरचे दोन हजार मिलिमीटर त्याने इमानाने पाळले. पण सात माणसांचा उच्छ्वास बंद कापडाला आतून लागून गार पडत होता आणि त्याचंच पाणी होऊन परत अंगावर येत होतं. बाहेरचा पाऊस देवाचा, आतला आमचा स्वतःचा.

तशात जाऊबाई म्हणाल्या, "माथेरानलाही असंच झालं होतं."

आमच्या घरात माथेरान हा शब्द कोणी उच्चारत नाही. त्या सहलीत हॉटेल कोणी ठरवलं आणि ऐन वेळी पैसे कोणी भरले, यावर दोन्ही भावांची मतं वेगळी आहेत. नवरा म्हणाला, "वहिनी, तो विषय नको." भाऊजी म्हणाले, "का नको?" माथेरानवरून गाडी गणपतीच्या वर्गणीवर आली, तिथून गावच्या घराच्या कौलांवर, कौलांवरून माझ्या मुलीच्या बारशावर, आणि बारशाला जाऊबाईंनी दिलेल्या चांदीच्या वाटीवर. ती वाटी मी नंतर कधी वापरलेली दिसली नाही, कोणाला तरी देऊन टाकली असणार, हे इतकी वर्षं त्यांच्या मनात होतं. ती मला कधी मिळालीच नाही, त्यांनी नुसती दाखवली आणि परत नेली, हे माझ्या मनात.

एरवी अशा टप्प्यावर कोणीतरी उठून जातं. आमच्याकडचं एकही भांडण आजवर पूर्ण झालेलं नाही. मुख्य मुद्दा आला की भाऊजी फिरायला निघतात, नवऱ्याला फोन येतो, मी कुकर लावायला जाते, आणि मुद्दा तसाच मुरत राहतो. इथे उठणार कुठे? जाऊबाईंनी एकदा तिरीमिरीत चेन ओढलीही. अर्ध्यावर अडकली. तेवढ्या फटीतून पाऊस आत आला आणि सगळे एका सुरात "बंद करा!" म्हणून ओरडले. त्या रात्री भांडणाऱ्या पक्षांचं एकमत झालेला तो पहिला ठराव. नवऱ्याने रागाने पाठ फिरवली, तर ठरल्याप्रमाणे सातही जण वळले आणि तो पुन्हा भाऊजींच्या तोंडासमोर आला.

तेव्हा ऐकावं लागलं. मी जाऊबाईंचं शेवटपर्यंत ऐकलं, त्यांनी माझं. वाटी नेमकी कोणत्या डब्यात होती, कोणत्या रंगाच्या कागदात, बारशाच्या दिवशी कोणाच्या हातात शेवटची दिसली, असं करत आम्ही दोघी अंधारात इतक्या जवळ पोचलो, की मधोमध पडलेल्या व्यक्तीकडे एकाच वेळी वळलो.

"लॉकरमध्ये आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दोघी हरवाल म्हणून मीच ठेवली. विचारलं कोणी मला कधी?"

बाराच्या पुढे मामा आले. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, हातात बॅटरी. "आजी, घरला चला. हितं काय खरं न्हाई." त्यांनी सगळ्यांत आधी सासूबाईंना हात दिला, आणि मग उरलेले आम्ही चिखलातून एकामागून एक निघालो.

त्यांच्या घराला पुढे लांब पडवी होती. एका टोकाला शेळ्या बांधलेल्या, भिंतीला जुनं इरलं टांगलेलं, आतल्या चुलीची ऊब दारातून येत होती. जमीन सारवलेली, कोरडी. पाऊस समोरच पागोळ्यांतून पडत होता, पण पागोळ्यांच्या बाहेर, त्याने असावं तिथे. पोचल्या पोचल्या पाच मिनिटांत सगळे आपापल्या मूळ स्वभावावर आले. भाऊजींनी पश्चिमेचा कोपरा धरून भिंतीकडे तोंड केलं. नवरा उखळापाशी जाऊन माथेरानबद्दल एकटाच पुटपुटत बसला. जाऊबाई खांबाला टेकून कोणाशी न बोलता केस पुसू लागल्या. मी दुसऱ्या खांबाला. मुलगा शेळ्यांपाशी, कारण तिथे रेंज होती. किती बरं वाटलं म्हणून सांगू! माणसाला अधूनमधून पंधरा फुटांवरून रुसता आलं पाहिजे. सासूबाई तेवढ्यात मामींशेजारी चुलीपाशी बसून, यंदा वरईचं बी कधी टाकणार, अशी चौकशी करत होत्या. त्यांची सुंठ कोऱ्या चहात पडली होती आणि तो चहा सगळ्यांना आपापल्या कोपऱ्यात पोचवला जात होता.

सकाळी पाऊस तसाच. समोर कळसूबाई आहे, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही त्या दिशेच्या पांढऱ्या ढगाचा फोटो काढला. डोंगराच्या प्रत्येक घळीतून रातोरात पाणी कोसळायला लागलं होतं, आणि तेवढं मात्र खरोखर बघत राहावं असं होतं. मग तंबू आवरायला घेतला. कोरडा तंबू ज्या पिशवीतून निघतो त्या पिशवीत ओला तंबू कधीच मावत नाही. चौघांनी घडी घातली, दोघांनी वर बसून दाबली, तरी एक हात बाहेर राहिलाच. शेवटी सासूबाईंनी पिशव्यांच्या पिशवीतून साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी काढून दिली.

निघताना नवऱ्याने मामांना विचारलं, "आता काजवे परत कधी?"

"आता फुडल्या सालाला. पाऊस लागला न्हवं." मग त्यांनी जरा घुटमळून जोडलं, "तुमची जागा धरलीय मी. आजींनी इसार दिलाय पाचशे."

"तंबूचा?" भाऊजींनी दचकून विचारलं.

सासूबाई गाडीत बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली. "पडवीचा," त्या म्हणाल्या. "आणि तुला व्ह्यू हवा असेल, तर तंबूचा तू वेगळा दे."